पंख्याचा वेग स्वस्तात कमी-जास्त कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की दुरुस्तीच्या टेबलावर पंख्यांची रांग लागते. त्यांतले कितीतरी पंखे मुळात बिघडलेले नसतात. कुणी पंख्याला दिव्याचा डिमर लावलेला असतो, कुणी कूलरला छताच्या पंख्याचं रेग्युलेटर. कुणाच्या पंख्याच्या कंडेन्सरची (वीज साठवून परत देणाऱ्या छोट्या डबीची) क्षमता उतरलेली असते आणि घरच्यांनी पंखा भंगारात द्यायचं ठरवलेलं असतं. खालची उत्तरं घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या सिंगल फेज पंख्यांसाठी आहेत.

थोडक्यात सांगा, छताच्या पंख्याला काय लावू?

स्विचबोर्डात बसणारं, चार किंवा पाच पायऱ्यांचं, आत कंडेन्सर असलेलं रेग्युलेटर. साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत चांगलं मिळतं, तापत नाही आणि पंखा घूं घूं करत नाही. मात्र पंखा साध्या मोटरचा हवा, रिमोटवाला बीएलडीसी (आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) नको. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

व्होल्टेज कमी केलं की पंखा हळू का होतो? मोटरचा वेग तर फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर ठरतो ना?

बरोबर आहे. छताच्या पंख्यात वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, आत स्थिर असतं आणि बाहेरचं कवच फिरतं. पुष्कळ पंख्यांत १४ पोल, म्हणजे चुंबकाचे ध्रुव, असतात. सूत्रातला ठरलेला १२० गुणिले ५० हर्ट्झ भागिले १४ पोल केलं की ४२८ येतात, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ४२८ फेरे मारतं. कवच त्याच्या मागे धावतं, पण थोडं मागेच राहतं, आणि पंखा साधारण साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान फिरतो. हा जो फरक राहतो त्याला स्लिप म्हणतात.

आपण फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. आपण मोटरचा जोर कमी करतो आणि स्लिप वाढू देतो. व्होल्टेज निम्मं केलं तर जोर निम्मा नाही, पावपट होतो. पात्यांना हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे जिथे मोटरचा उरलेला जोर आणि हवेचा विरोध सारखे होतात, त्या कमी वेगावर पंखा निवांत फिरत राहतो. शिवाय पंख्याच्या मोटरची रचनाच जास्त स्लिप सोसण्याच्या हिशेबाने केलेली असते. ही सगळी सोय पंख्यापुरतीच आहे, म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

मग हेच रेग्युलेटर पाण्याच्या मोटरीला किंवा कडबा कुट्टीला लावलं तर?

लावू नका. त्या मोटरी आपल्या ठरलेल्या वेगाला चिकटून राहतील अशा बनवलेल्या असतात. व्होल्टेज घटवलं की वेग फारसा उतरत नाही, उलट करंट वाढतो आणि वायंडिंग तापतं. ज्या मोटरीत वेग आला की सुरुवातीचा कंडेन्सर वेगळा करणारा सेंट्रीफ्यूगल स्विच असतो, तिथे आणखी वाईट होतं. वेग पुरेसा उतरला तर तो स्विच पुन्हा जोडला जातो, काही सेकंदांसाठी बनवलेलं स्टार्टिंग वायंडिंग सतत चालू राहतं आणि जळतं. असं जळालेलं वायंडिंग उघडलं की वार्निशचा तो कडवट वास दोन दिवस दुकानातून जात नाही.

माझ्या पंख्यात कोणती मोटर आहे हे कसं ओळखू?

बाहेर किंवा कॅनोपीखाली (दांड्यावरच्या झाकणाच्या वाटीखाली) दोन वायरींचा कंडेन्सर दिसला, तर ती नेहमीची कंडेन्सरवाली मोटर. छताचे साधे पंखे, बहुतेक टेबल फॅन, कूलरचे पंखे यात आले. व्होल्टेज कमी करून या मोटरचा वेग उतरवता येतो.

स्वयंपाकघरातल्या छोट्या एक्झॉस्टमध्ये कधी कंडेन्सरच नसतो. आत पाहिलं तर पोलच्या कोपऱ्यात तांब्याची जाड कडी बसवलेली दिसते. ती शेडेड पोल मोटर. तिचाही वेग व्होल्टेजने कमी होतो, पण ती मुळातच अशक्त असते, फार खाली उतरवली तर सुरूच होत नाही.

मिक्सर आणि ड्रिलमध्ये कार्बन असतात, चालताना ठिणग्या दिसतात. त्यांना ट्रायॅकवालं (विजेची लाट कापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) कंट्रोल चालतं, पंख्याचं कंडेन्सर रेग्युलेटर नाही.

आमच्या जुन्या घरात भिंतीवर मोठा डबा असलेलं रेग्युलेटर आहे. ते वीज खातं म्हणतात, खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. अशा डब्यात चिनी मातीच्या गाभ्यावर रेझिस्टन्सची तार गुंडाळलेली असते आणि प्रत्येक आकड्याला तिचा वेगळा तुकडा जोडला जातो. हिशेब करून पाहा: कमी वेगावर ०.२ अँपिअर करंट आणि डब्यात ५०० ओहम धरले, तर ०.२ गुणिले ०.२ गुणिले ५०० म्हणजे २० वॅट नुसती उष्णता. पावसाळ्यात मांजर त्या डब्यावर जाऊन बसतं ते उगीच नाही.

पण "पंखा एकवर ठेवला काय आणि पाचवर ठेवला काय, बिल तेवढंच" हे मात्र चूक आहे. डबा असला तरी हळू पंख्याला एकूण वीज कमीच लागते. वाचलेल्या विजेतला एक मोठा हिस्सा डबा गिळतो, एवढंच. काही जुन्या डब्यांत रेझिस्टन्सऐवजी चोक कॉइल, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार, असते आणि तिला मधूनमधून टॅप (जोडणीच्या वायरी) काढलेले असतात. तो डबा जड लागतो, कमी तापतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तसा असेल आणि ठीक चालत असेल, तर काढायची घाई नको.

कंडेन्सरचं रेग्युलेटर वीज वाया न घालवता व्होल्टेज कसं कमी करतं?

नवा हात कामाला आला की हे मी त्याला रेग्युलेटर फोडूनच दाखवतो. आत फार काही नसतं: एक फिरता स्विच, दोन डबी कंडेन्सर (समजा २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे; मायक्रोफॅरड हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) आणि चार छोटे रेझिस्टर. खालच्या पायरीला २.२ एकटा, पुढच्या पायरीला ३.३ एकटा, त्यानंतर दोन्ही मिळून ५.५, आणि शेवटच्या पायरीला कंडेन्सर नाही, थेट लाइन. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात, पण मांडणी हीच.

५० हर्ट्झला ३.३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण ९६५ ओहमचा अडथळा करतो. पण हा अडथळा रेझिस्टन्ससारखा तापत नाही. तो प्रत्येक सायकलमध्ये ऊर्जा साठवतो आणि परत देतो. ७५ वॅटचा पंखा ढोबळमानाने ७०० ओहमचा धरला, तर या पायरीला पंख्याच्या वाट्याला १३५ व्होल्टच्या आसपास येतात. ५.५ च्या पायरीला १७५, आणि २.२ ला शंभरच्या आसपास.

आता गंमत बघा. मल्टिमीटर कंडेन्सरच्या दोन टोकांवर लावला तर तो १८५ च्या घरात व्होल्ट दाखवतो. १३५ आणि १८५ मिळून ३२० होतात, आणि भिंतीत तर २३० च आहेत! मीटर बरोबर असतो. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत, एक पुढे असतं आणि एक मागे, म्हणून त्यांची साधी बेरीज चालत नाही. वीज वाचते ती याच कारणाने. पंखा हळू असताना रेग्युलेटरला हात लावून पाहा, गार लागेल.

गोल फिरणाऱ्या बटणाचं, पायऱ्या नसलेलं रेग्युलेटर कसं असतं?

त्यात ट्रायॅक असतो. ५० हर्ट्झच्या विजेची प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. ट्रायॅक तिचा सुरुवातीचा भाग कापतो आणि उरलेला पंख्याला देतो. बटण जितकं मागे न्याल तितका कापलेला भाग मोठा. आत बहुधा बीटी १३६ जातीचा ट्रायॅक, त्याला सुरू व्हायचा इशारा देणारा डीबी ३ डायॅक, ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि एक पॉट, म्हणजे बटणाने फिरणारा रेझिस्टर, असतो. हेही फारसं तापत नाही, वीज वाचवतं आणि वेग हवा तिथे थांबवता येतो.

दोष एकच, पण रात्री तो खुपतो. कापलेल्या लाटेमुळे मोटर गुणगुणते. दिवसा लक्षात येत नाही, रात्री अकराला घर शांत झालं की मधल्या वेगावर घूं घूं सुरू होतं. लहान बाळ किंवा आजारी माणूस झोपतं त्या खोलीत मी ट्रायॅकचं लावत नाही. जुना रेडिओ मध्यम लहरीवर ऐकणाऱ्यांना त्यातून खरखरही येते.

दिव्याचा डिमर पंख्याला चालेल का? दिसायला तर सारखाच आहे.

नाही. तारेच्या बल्बमध्ये व्होल्टेज आणि करंट बरोबर चालतात, मोटरच्या वायंडिंगमुळे तसं राहत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅकला सांभाळायला रेझिस्टर आणि कंडेन्सरची जोडी असते, तिला स्नबर म्हणतात. पुष्कळ स्वस्त डिमरमध्ये ती नसते. मग पंखा झटके देतो, नाहीतर ट्रायॅक शॉर्ट होऊन बटण कुठेही असलं तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो. शिवाय डिमर अगदी शून्यापर्यंत उतरतो. पंखा तिथे अडकून थांबला की वीज चालू, हवा बंद आणि वायंडिंग गरम. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये सगळ्यात खालची मर्यादा आधीच बांधलेली असते.

ऑनलाइन "२००० वॅट"चं छोटं मॉड्यूल अगदी स्वस्तात मिळतं. ते?

ते सोल्डरिंग आयर्न, हीटर, फार तर ड्रिलसाठी ठीक. पंख्यावर ते डिमरसारखंच वागतं. त्याची टर्मिनलं आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) उघडी असतात, आणि घरात लहान मूल असेल तर उघड्या लाइनचा हा तुकडा आणूच नका. वॅटचा आकडाही मोठी हीटसिंक आणि हवा मिळाली तरच खरा मानायचा.

मी हौशी आहे. कंडेन्सरचं रेग्युलेटर घरी बनवू का?

शिकण्यासाठी जरूर, पण तीन गोष्टी पाळून. एक, कंडेन्सर एसीचाच घ्या, ४४० व्होल्ट एसी लिहिलेला. डीसीच्या आकड्यावर जाऊ नका, आणि इलेक्ट्रोलिटिक तर चुकूनही नको, तो फुटतो. दोन, प्रत्येक कंडेन्सरला समांतर दोनशे ते पाचशे किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे वीज बंद झाल्यावर तो रिकामा होईल. तीन, प्रत्येक कंडेन्सरच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वायरीत ओळीने, दोन-तीन ओहमचा छोटा रेझिस्टर ठेवा. पायरी बदलताना एक कंडेन्सर भरलेला आणि दुसरा रिकामा असतो. ते थेट जोडले गेले तर ठिणगी पडून स्विचचे संपर्क चिकटतात. बाजारातल्या फार स्वस्त रेग्युलेटरमध्ये हेच रेझिस्टर गाळलेले मी पाहिलेत, आणि अशी रेग्युलेटरं वर्ष-दीड वर्षात टक् टक् करत मरतात.

बंद केलेल्या कंडेन्सरचाही झटका बसतो. हात लावण्याआधी रेझिस्टरने किंवा बल्बने तो रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय पुष्कळांना असते, पण त्याने कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यांसमोर ठिणगी उडते.

पंख्याच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायची जुनी युक्ती कशी आहे?

पंखा हळू होतो हे खरं. बल्ब इथे रेझिस्टन्सचंच काम करतो, म्हणजे दोष जुन्या डब्याचेच. तरी सिरीजचा बल्ब प्रत्येक वायरमनकडे असतो, वेगळ्या कारणासाठी. दुरुस्त केलेला पंखा पहिल्यांदा सुरू करताना तो सिरीज बोर्डावर लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो.

एका रेग्युलेटरवर दोन पंखे चालवू का? मंदिराच्या सभामंडपात चार पंखे आहेत.

कंडेन्सरच्या रेग्युलेटरवर नको. त्यातले आकडे एका पंख्याच्या अडथळ्याशी जुळवलेले असतात. दोन पंखे समांतर लावले की अडथळा निम्मा होतो, व्होल्टेज वेगळंच वाटलं जातं, आणि जी पायरी मध्यम असायला हवी तिथे पंखे जेमतेम हलतात. प्रत्येक पंख्याला आपलं रेग्युलेटर द्या.

रेग्युलेटर पूर्ण आहे, तरी पंखा पूर्वीसारखा फिरत नाही. रेग्युलेटर बदलू का?

थांबा, आधी पंख्याचा स्वतःचा कंडेन्सर बघा. तो पंख्यावर, कॅनोपीखाली असतो, बहुधा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा. त्याच्या आतली प्लास्टिकची फिल्म दर छोट्या बिघाडाला आपली थोडी धातूची परत जाळून स्वतःला वाचवते, आणि वर्षानुवर्षं असं होत क्षमता उतरत जाते. मागच्या एप्रिलमध्ये एक आजी पंखा पिशवीत घालून घेऊन आल्या. "मोटर गेली, नवा घ्या" असं त्यांना सांगितलं गेलं होतं. कंडेन्सर मीटरला लावला. वर २.५ छापलेलं आणि मीटर दाखवत होता १.३. साठ रुपयांचा कंडेन्सर बदलला आणि पंखा पहिल्यासारखा फिरला. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, पंखा टाकण्याआधी कंडेन्सर मोजून घ्या.

कंडेन्सर ठीक निघाला तर वीज बंद करून पातं हाताने फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. खरखर लागली किंवा लगेच अडलं तर बेअरिंग. आणि पातीही पुसा. वर्षभराची तेलकट धूळ पात्याच्या कडेवर बसली की हवा नीट कापली जात नाही.

२.५ च्या जागी ४ चा कंडेन्सर लावला तर वेग वाढेल ना?

थोडा वाढेलही, आणि वायंडिंग जास्त तापेल. कंडेन्सरचा आकडा मोटरच्या दुसऱ्या वायंडिंगशी जुळवलेला असतो. जो छापलाय तोच लावा.

टेबल फॅनला रेग्युलेटर का नसतं?

कारण त्याच्या वायंडिंगलाच टॅप काढलेले असतात. एक, दोन, तीनची बटणं वायंडिंगचे वेगवेगळे तुकडे जोडतात. टेबल फॅन जास्त वेगाच्या बटणावर फिरतो आणि कमीच्या बटणावर फिरत नाही, असं झालं तर त्या टॅपची वायर तुटलेली असू शकते. बाहेरून आणखी रेग्युलेटर जोडायची गरज नाही.

आमच्याकडे नागपूरला डेझर्ट कूलर आहे. त्याचा पंखा हळू करायचा आहे.

विदर्भात मे महिन्यात कूलरशिवाय घर चालत नाही, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो. आधी मोटर उघडून वायरी मोजा. तीन वेगांची मोटर असेल तर टॅपच्या वायरी आधीच बाहेर आलेल्या असतात, आणि कित्येकदा बसवणाऱ्याने एकच जोडून बाकीच्यांवर टेप गुंडाळलेली असते. तिथे फक्त तीन पायऱ्यांचा सिलेक्टर स्विच लागतो. याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही.

एकाच वेगाची मोटर असेल, तर छताच्या पंख्याचं रेग्युलेटर तिला पुरत नाही. ते शंभर वॅटच्या आसपासच्या पंख्यासाठी असतं आणि डेझर्ट कूलरची मोटर त्याच्या दुप्पटही घेऊ शकते. दुकानात कूलरसाठीचं जास्त वॅटचं रेग्युलेटर मागा, आणि मोटरच्या पट्टीवरचे वॅट लिहून न्या. मोटर फार हळू चालवू नका, ती आपल्याच हवेने गार होत असते. पाण्याचा पंप रेग्युलेटरच्या मागे घेऊ नका, त्याला स्वतंत्र बटण द्या.

कूलरचा पत्रा, पाणी आणि वीज एकत्र येतात. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने कुणी ना कुणी गेल्याची बातमी येते, आणि त्यात लहान मुलं असतात. पत्र्याला अर्थिंग हवंच. तीन पिनची पिन काढून दोन पिनची लावली असेल तर आजच बदला. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा.

रेग्युलेटर फेजला जोडायचं की न्यूट्रलला?

फेजला, बटणाच्या पुढे सिरीजमध्ये. बटण आणि रेग्युलेटर दोन्ही न्यूट्रलला लावलं तरी पंखा फिरतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग बटण बंद असतानाही पंख्याच्या वायंडिंगपर्यंत फेज पोचलेला असतो. काम करण्याआधी मेन बंद करा आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून मग पंख्याच्या वायरीला लावा. टेस्टरचा दिवाच गेलेला असेल तर तो बंदच दाखवणार.

इन्व्हर्टरवर पंखा आवाज करतो, रेग्युलेटरही गरम होतं. का?

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्याची लाट चौकोनी असते. अशा लाटेच्या प्रत्येक उभ्या कडेला कंडेन्सरमधून करंटचा झटका जातो, त्याने रेग्युलेटर तापतं आणि लवकर मरतं. अशा इन्व्हर्टरवर पंखा पूर्ण वेगावर ठेवलेला बरा, कारण त्या पायरीला रेग्युलेटरचे कंडेन्सर मध्ये येत नाहीत. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर (घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणाऱ्या) ही अडचण नाही.

बीएलडीसी पंखा घेतला. जुनं रेग्युलेटर तसंच ठेवू का?

काढून टाका आणि वायर थेट बटणाला जोडा. या पंख्यात आत स्वतःचं सर्किट असतं, ते एसीचं डीसी करून मोटर चालवतं आणि वेग रिमोटने बदलतं. त्याला कापलेली किंवा कमी केलेली वीज दिली की सर्किट बंद-चालू होत राहतं आणि जळू शकतं. काढणं लगेच जमत नसेल तर पूर्ण वेगावर ठेवून बटणावर टेप लावा, म्हणजे घरातलं कुणी सवयीने फिरवणार नाही.

बिलाच्या हिशेबाने नवा बीएलडीसी परवडतो की जुन्याला रेग्युलेटर?

जुना ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास पूर्ण वेगाने चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी तेवढाच चालला तर नऊ. फरक साडेतेरा युनिटचा. आपल्या बिलावरचा युनिटचा दर त्याला गुणा, उत्तर तुमच्यासमोर येईल. दिवसभर चालणाऱ्या हॉलच्या किंवा दुकानाच्या पंख्याला बीएलडीसी दोन-तीन वर्षांत पैसे फेडतो. पाहुण्यांच्या खोलीतला, महिन्यातून चार रात्री फिरणारा पंखा कशाला बदलायचा? त्याला चांगलं रेग्युलेटर आणि नवा कंडेन्सर पुरे. नवा साधा पंखा घेत असाल तर वीजबचत दाखवणारं स्टार लेबल बघा. छताच्या पंख्यांना ते जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं आहे.

पंखा एकवर सुरूच होत नाही, हाताने ढकलावा लागतो. काय करू?

आधी ढकलणं बंद करा, स्टुलावर उभं राहून तर नाहीच. सगळ्यात खालच्या पायरीवर मोटरचा जोर फार कमी असतो, त्यामुळे कंडेन्सर थोडा जरी उतरलेला असला तरी दोष तिथेच आधी दिसतो. पंखा पाचवर सुरू करून मग एकवर आणा. तसा चालला तर पंख्याचा कंडेन्सर बदला. पाचवरही ढकलावा लागत असेल, तर कंडेन्सर पूर्ण गेलेला आहे किंवा एक वायंडिंग तुटलं आहे. तोवर बटण बंद ठेवा, कारण अडकून गुणगुणणाऱ्या पंख्यातच वायंडिंग जळतं.